घाणेरी काढायची: जेसीबी, उक्तं की रोजानं?

मुळशी-भोरकडं डोंगरउतारावर जमीन घेतली आणि ती घाणेरीच्या, म्हणजे टणटणीच्या, झुडपांनी भरलेली निघाली, तर तीन वाटा असतात: जेसीबी तासावर, टोळीला उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे एकदाच पैसे ठरवून, नाहीतर मजूर रोजानं.

जेसीबी स्वस्त वाटतो, कारण संध्याकाळपर्यंत रान मोकळं दिसतं. पण घाणेरीबरोबर करवंदं, हिरड्याची रोपं आणि वरची मातीही ढकलली जाते. उतारावरची ती माती पावसात वाहून जाते, आणि उघड्या जमिनीवर रानमोडी किंवा काँग्रेस गवत माजतं. शिवाय हिरडा, जांभूळ, ऐन ही झाडं खासगी जमिनीतही १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. विनापरवाना आडवी झाली तर निस्तरायचं मालकानं. सपाट माळावर जेसीबी चालेल. उतारावर मी आणणार नाही.

उक्त्यात रक्कम आधी ठरते, तुम्हाला उभं राहावं लागत नाही. पण टोळीला लवकर मोकळं व्हायचं असतं, म्हणून कोयत्यानं जमिनीलगत छाटतात. बुंधा शाबूत राहिला की पावसात फुटवेच फुटवे, आणि पुढच्या वर्षी तेच पैसे पुन्हा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत इथं उपयोगी पडते: मातीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीनं मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून उलटं ठेवायचं. ठरवतानाच सांगा, ‘वरून छाटायचं नाही, मातीखाली मूळ तोडून काढायचं.’

रोजानं काम सावकाश होतं, आणि मालकाची पाठ वळली की आणखी सावकाश. तरी सुरुवात रोजानंच करा, फक्त एका गुंठ्यावर. त्याला दोन माणसांचा एक दिवस लागला, तर ४० गुंठ्यांच्या एकराला ८० मजूर-दिवस. त्याला गावातल्या रोजानं गुणलं की उक्त्याचा भाव वाजवी आहे का ते कळतं. मग बाकीचं उक्तं द्या, पण सगळे पैसे एकदम नकोत. एक तृतीयांश रक्कम पुढच्या पावसानंतर, फुटवे पाहून.

माती ओली असताना मूळ सहज निघतं. पण आषाढात मजूर भातलावणीत असतात, तेव्हा लावणी उरकल्यावरची तारीख धरा. पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटायला रोजाचे थोडे पैसे बाजूला ठेवा. घाणेरीची फळं खाऊन बुलबुल ज्या झाडांवर बसतात, त्यांच्याखाली आधी बघा.