उस्निक ॲसिड की ॲट्रानोरिन?

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी लायकेनमधलं (बुरशी आणि शैवाल एकत्र नांदणाऱ्या सजीवातलं) एखादं संयुग घ्यायचं ठरलं, की गाडी बहुतेक याच दोघांपाशी येऊन थांबते. मी आधी उस्निक घेतलं आणि नंतर ॲट्रानोरिनकडे वळलो.

उस्निकच्या बाजूने पुष्कळ आहे. 1844 पासून माहीत असलेला पदार्थ, शुद्ध स्वरूपात विकत मिळतो, वाचायलाही भरपूर. एलपीएस या जिवाणूंच्या कवचातल्या पदार्थाने चिथावलेल्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये) टीएनएफ-अल्फा आणि नायट्रिक ऑक्साइड ही दाहाशी निगडित द्रव्यं दोन्ही खाली येतात.

माझं अडलं ते बोकडाच्या श्वासनलिकेवर. सकाळी खाटकाकडून आणलेली नलिका, तिचा कापलेला पट्टा, ऊती जिवंत ठेवणारं क्रेब्ज द्रावण, 37 अंश. स्नायू आकुंचित करणाऱ्या ॲसिटिलकोलीनने आवळलेला पट्टा उस्निक टाकताच छान सैल पडायचा. मग धुवायचो, पुन्हा ॲसिटिलकोलीन द्यायचो, आणि पट्टा ढिम्म. तीन-तीनदा धुतलं तरी तेच. उस्निकमुळे मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन जळत राहतो, पण पेशीचं इंधन असलेलं एटीपी तयार होत नाही. म्हणजे स्नायू शिथिल झाला, की त्याचं इंधन संपलं? मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पेशींवरही तोच घोळ, कारण त्या जिवंत आहेत का हे पाहायची एमटीटी चाचणीसुद्धा चयापचयावरच उभी. उस्निक असलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा होते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2001 मध्ये दिला होता, तो मला तेव्हा नीट कळला.

ॲट्रानोरिन मवाळ आहे. माझ्या पट्ट्यावर शिथिलता कमीच दिसली, पण धुतल्यावर पट्टा पुन्हा आवळायचा. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दाहाच्या जागी ओढून आणणारं ल्युकोट्रायीन बी4 ते कमी करतं, हे 1999 मध्येच छापून आलं आहे. शिवाय गोड्या मसाल्यातल्या दगडफुलातही ते सापडतं. बाजारच्या मालात जाती मिसळलेल्या असतात, तेव्हा टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून ओळखायची चाचणी) आधी करा. गरम मेथॅनॉलमध्ये मात्र काढू नका, एस्टर बंध तुटून हाती दोन तुकडे येतात. माझी एक बॅच अशीच वाया गेली. ॲसिटोन बरा. विरघळवायला डीएमएसओ हे द्रावक दोघांनाही लागतं आणि ते स्वतःच पट्टा सैल करू शकतं, म्हणून नुसत्या डीएमएसओचा पट्टा शेजारी हवाच.

फक्त दाहावर काम असेल तर उस्निक कदाचित चालून जाईल. पट्टा लावणार असाल, तर माझ्यापुरतं उत्तर ॲट्रानोरिन. आणि काहीही घेतलंत, तरी पहिल्याच दिवशी धुऊन पुन्हा ॲसिटिलकोलीन देऊन बघा.