सिटीला पंधराच्या जागी सोळाची चाकं: उद्यमनगरातल्या दुकानाचा अनुभव

आधी निकाल सांगतो. गाडी २०१५ ची होंडा सिटी, पेट्रोल, खालचं व्हेरियंट, स्टीलच्या पंधरा इंची चाकांची. ती चाकं काढून सोळा इंची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, आणि १८५/५५ आर१६ मापाचे टायर बसवले. गाडी वळणात आधीपेक्षा नेमकी झाली, हायवेला स्टीअरिंग थरथरत नाही, आणि मागं बसणाऱ्या माझ्या आईच्या कमरेनं अजून तक्रार केलेली नाही. दुकानाला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला, ते पुढं येईलच.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या क्वालिटी विभागात आहे. कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, बोअर (आतली भोकं) मोजणं हेच रोजचं काम. त्यामुळं अलॉय घ्यायला गेलो तेव्हा खिशात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) होताच, आणि चाकाचा चेहरा बघायच्या आधी मी त्याची पाठ बघितली. सगळी खरी माहिती पाठीवरच असते: रिमची रुंदी, ऑफसेट (गाडीला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे तो आकडा), भार किती पेलतं त्याचा आकडा. आयएसआयचा शिक्का नसलेलं चाक हातात धरायचं नाही हे ठरवून गेलो होतो. आपल्याकडं अलॉय रिमसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. जेडब्ल्यूएल हा जपानी शिक्काही बऱ्याच चाकांवर दिसतो. आयएसआय नसेल तर रिम कितीही स्वस्त मिळू दे, मी ती घरच्यांच्या गाडीला लावणार नाही. फाउंड्रीच्या गावात राहून कास्टिंगमधली पोकळी काय करते हे मी बघितलेलं आहे.

दुकान कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, लेथवाल्यांच्या ओळीतच. पुढं टायरची थप्पी, आत भिंतीवर टांगलेली अलॉय, बाजूला अलाइनमेंटचा पिट. मालक पन्नाशीचे, बोलायला मोकळे. माझी नजर आधी सतरा इंचीवर गेली, ती कुणाचीही जाईल. सिटीच्या लांब अंगाला सतरा शोभतात हे खरंच आहे. मालक म्हणाले, "साहेब, सतरा देतो की, मला काय, जास्त पैसे मिळतील. पण तुम्ही फिरता कुठं ते सांगा आधी."

मी सांगितलं. रत्नागिरीला ताईकडं, आंबा घाटातनं. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागनं. पावसाळ्यात शहरातले खड्डे आहेतच.

"मग सोळा बघा," म्हणाले. गिऱ्हाईक महागाचं मागतंय आणि दुकानदार स्वस्ताचं दाखवतोय, हे फार दुकानांत होत नाही. इथं झालं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता हिशेब. माझा मूळ टायर १७५/६५ आर१५. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. टायरची रुंदी १७५ मिमी. साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, १७५ च्या ६५ टक्के, म्हणजे ११३.७५, ती वर-खाली धरून दोनदा. एकूण व्यास साधारण ६०८.५ मिमी. १८५/५५ आर१६ चा व्यास येतो ६०९.९. फरक दीड मिमीसुद्धा नाही, त्यामुळं स्पीडोमीटर जे दाखवत होता तेच दाखवतो आणि गिअरची ओढही बदलत नाही. होंडानं स्वतः २०१७ नंतर याच सिटीच्या वरच्या व्हेरियंटला हेच माप दिलं. कंपनीनं याच बॉडीवर, याच सस्पेन्शनवर पारखलेलं माप समोर असताना दुसरं शोधत बसण्यात मला अर्थ दिसला नाही.

दुकानात दुसऱ्या एका सिटीला १९५/५५ आर१६ चढत होते. तो व्यास ६२१ च्या जवळ जातो, दोन टक्के जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा टायरच्या फरकानं गाडी १०२ च्या हिशेबानं पळत असेल. त्यानं आभाळ कोसळत नाही, पण मडगार्डच्या आत जागा कमी होते आणि चढाला गाडी थोडी जड वाटते. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ येतो, तोही चालण्यासारखा. तिथं अडचण व्यासाची नाही, साइडवॉलची आहे. माझ्या मूळ टायरची साइडवॉल जवळपास ११४ मिमी, सोळाची १०२, सतराची ९२. खड्ड्याची कड लागते तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं. बारा मिमी सोडायला मी तयार झालो, बावीस सोडायला नाही.

भार पेलण्याचा आकडाही बघा, दुकानात तो कुणी आपणहून सांगत नाही. मूळ टायरचा लोड इंडेक्स ८४ होता, म्हणजे एका टायरला ५०० किलो. नव्याचा ८३, म्हणजे ४८७. एका आकड्यानं कमी, पण वरच्या व्हेरियंटला कंपनीचाही तेवढाच आहे, म्हणून घेतला. त्याच्या खालचा घेतला नसता.

सगळ्यात जास्त वेळ गेला रुंदी आणि ऑफसेटवर, आणि हाताळणी बिघडते ती बहुतेक इथंच. मला आवडलेलं पहिलं डिझाइन फक्त ७जे, म्हणजे सात इंच, रुंदीत होतं. १८५/५५ च्या टायरला साडेसहापर्यंतचीच रिम चालते. सातवर तो टायर बाजूंनी ताणला जातो आणि रिमची कड बाहेर उघडी पडते, फूटपाथला पहिली तीच घासणार. शिवाय माझी मूळ रिम साडेपाचची. सात म्हणजे दीड इंच जास्त, दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी. वर त्या रिमचा ऑफसेट मूळपेक्षा दहानं कमी होता, म्हणजे चाक आणखी दहा मिमी बाहेर. बाहेरची कड एकूण २९ मिमी पुढं आली असती. रुबाब दिसतो, पण स्टीअरिंगची चाकं ज्या रेषेवर फिरतात तिच्यापासून टायरचा मध्य लांब जातो. मग एक बाजू चिखलात आणि एक डांबरावर असताना ब्रेक मारला की स्टीअरिंग हाताला हिसका देतं. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. ही गोष्ट दोन दिवसांत कळत नाही, वर्षानं बेअरिंग घुमायला लागलं की कळते.

मालकांनी मग आतनं साडेसहाची, मूळच्या जवळच्या ऑफसेटची चाकं काढली. दहा काड्यांची, साधी, गडद करडी. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं. माझी स्टीलची रिम साडेआठ किलोला थोडी जास्त, हे अलॉय साडेआठच्या आतलं. भिंतीवरचं सतरा इंचीही चढवून बघितलं, ते अकराच्या वर गेलं. अलॉय म्हणजे हलकं असं सरसकट धरू नका, काट्यावर ठेवा. स्प्रिंगच्या खालचं हे वजन आहे, सस्पेन्शनला ते प्रत्येक उंचवट्यावर उचलायचं आणि परत खाली आणायचं असतं. ते वाढलं की चाक रस्ता सोडायला लागतं आणि ओल्या वळणात पकड जाते.

पुढं मधलं भोक. सिटीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीकडचा गोल भाग, ५६.१ मिमी, बाजारातल्या बहुतेक अलॉयचं मधलं भोक ७३.१. मधली जागा रिकामी राहिली तर चाक फक्त नटांवर मध्यात येतं, आणि ऐंशी-नव्वदच्या पुढं स्टीअरिंग थरथरायला लागतं. लोक मग पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतात आणि दुखणं तसंच राहतं. दुकानात ती जागा भरणाऱ्या प्लास्टिकच्या रिंगा होत्या. मी ॲल्युमिनियमच्या मागितल्या, नव्हत्या. मालकांनी पोराला शेजारच्या लेथवर पाठवलं आणि चार रिंगा गोल बारमधनं कातून आणल्या. मी व्हर्नियर लावला, चारही मापात होत्या. हे उद्यमनगरातच होऊ शकतं. बसवताना ग्रीसचा पातळ हात मारून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांनी त्या हबला चिकटतात.

रिम मशिनवर फिरवून मी डायल (किती हलते ते दाखवणारं काट्याचं यंत्र) लावून बघू का विचारलं, तर मालकांनी हातातलं काम थांबवून मशीन मोकळं करून दिलं. चारांपैकी एक रिम बाजूनं जास्त हलत होती. वाद न घालता बदलून दिली. चार तारे मुख्यतः यासाठी.

आता पाचवा. नट. होंडाचे मूळ नट बुडाशी गोलाईचे असतात, बाजारातल्या अलॉयना शंकूच्या आकाराचे लागतात. दुकानातला पोरगा मूळ नटच हवेच्या गननं चढवायला निघाला होता. गोल नट शंकूच्या खाचेत पूर्ण टेकत नाही, कडेवर बसतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. मी थांबवलं, मालकांनी लगेच शंकूचे नट काढून दिले, पण ही गोष्ट गिऱ्हाइकानं बघावी लागायला नको. नट ठरलेल्या जोरानं आवळायचा टॉर्क पानाही दुकानात नव्हता. मी माझा गाडीतनं आणला आणि नट १०८ न्यूटन मीटरवर आवळले. त्यात हवाही चाळीसची भरली होती. घरी येऊन दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं केली. शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासले, एक किंचित फिरला.

घासतंय का हे बघायची त्यांची रीत मात्र मला फार आवडली. दुकानातली तीन पोरं मागं बसवली, स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी तिरकी स्पीडब्रेकरवर घातली, दोन्ही बाजूंना. आवाज आला नाही. रिकाम्या गाडीत न घासणारं चाक भरल्या गाडीत घासतं, म्हणून ही तपासणी तुमच्या दुकानात करत नसतील तर हट्टानं करून घ्या.

रस्त्यावर काय फरक पडला? आंबा घाटात सगळ्यात जास्त जाणवला. आधी स्टीअरिंग वळवलं की गाडी अर्धा क्षण विचार करायची, आता लगेच तोंड वळवते. अंगाचं कलणं तेवढंच आहे, ते स्प्रिंगांचं काम, चाकांनी ते बदलत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबताना गाडी सरळ राहते. किंमतही मोजावी लागली आहे: काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांचा ठक-ठक आवाज वाढला, बारीक खडबडीत रस्ता हाताला जास्त कळतो. मायलेजमध्ये माझ्या वापरात लक्षात येण्यासारखी घट नाही.

खर्च: चार अलॉय ३४ हजार, टायर साडेसात हजाराला एक, वर रिंगा, नट, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. जुने टायर बदलीत गेले, एक स्टीलचं चाक स्टेपनी म्हणून ठेवलं. व्यास जवळपास सारखाच असल्यानं अडीअडचणीत ते चालतं. पण त्याला गोल बुडाचे मूळ नटच लागतात, म्हणून चार जुने नट पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवलेत. विमा कंपनीला अलॉयचं बिल देऊन पॉलिसीत नोंद करून घेतली, तेही दुकानदारांनीच सुचवलं.

वरच्या व्हेरियंटची कंपनीची सोळा इंची चाकं कुणी काढून विकत असेल आणि ती वाकलेली नसतील, तर आधी ती बघा. त्यांना रिंगा लागत नाहीत, नट बदलावे लागत नाहीत, ऑफसेटची चिंता नाही. मला कोल्हापुरात चांगला संच मिळाला नाही. नवी घ्यायची असतील तर या दुकानात जा, साडेसहाची मागा, आणि टॉर्क पाना घरनं घेऊन जा.