एमएसडब्ल्यू: तीन सेमिस्टरनंतरचा माझा अनुभव

बी.कॉम. झाल्यावर वर्षभर नोकरी केली आणि मग एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. आता तिसरं सेमिस्टर संपत आलंय. प्रवेश घेताना "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते?" हे घरच्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारलं. तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगता येतं, म्हणून हे लिहितेय.

या कोर्सचा जीव फिल्डवर्कमध्ये आहे. आठवड्यातले दोन दिवस आम्ही एजन्सीत असतो, म्हणजे एखाद्या संस्थेत, हॉस्पिटलमध्ये किंवा वस्तीत. भारतातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ साली मुंबईत नागपाड्याला, भर वस्तीत सुरू झालं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पहिल्या सेमिस्टरला हा इतिहास परीक्षेपुरता वाचला होता. वस्तीत पाय ठेवल्यावर कळलं, की नागपाड्याची जागा का निवडली असेल.

माझी पहिल्या वर्षाची एजन्सी वस्तीत काम करणारी होती. तिथे एक आजी नातवाला सांभाळत होत्या. मुलाचे वडील वारलेले, आई दुसरीकडे निघून गेलेली. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड असं सगळं जमवायचं आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, जायचं. मला वाटलं, दोन होम व्हिजिटचं काम आहे.

आजींनी पत्र्याच्या पेटीतून साड्यांच्या घडीखालची कॅरीबॅग काढली आणि एकेक कागद चटईवर मांडला. मृत्यूचा दाखला मात्र त्यात नव्हता. तो देव्हाऱ्यातल्या फोटोमागे होता, आणि मी हात पुढे केल्यावर त्यांनी तो पदराखाली घेतला. देईनात. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये मी लिहिलं, "आजी सहकार्य करत नाहीत."

रेकॉर्डिंग म्हणजे त्या दिवशी कुणाशी काय बोलणं झालं, आपण काय केलं, आपल्या मनात काय आलं, याची तपशीलवार नोंद. दर आठवड्याला ती लिहून द्यावी लागते आणि आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरसोबतच्या बैठकीत, तिच्यावर बोलणं होतं. मॅडमनी माझ्या त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिलं होतं, "हे दिसलं की वाटलं? आजींचे शब्द लिहा."

आजींचे शब्द मला आठवत होते, मी ते लिहिलेच नव्हते. त्या म्हणाल्या होत्या, "मागं एक पोरगी झेरॉक्सला म्हणून रेशनकार्ड घेऊन गेली, ते तीन महिने परत आलं नाही." तीन महिने त्यांना रेशन मागायलाही अडचण झाली होती. पुढच्या व्हिजिटला आम्ही दोघी मिळून झेरॉक्सवाल्याकडे गेलो. मूळ कागद आजींच्याच हातात होते. त्यांनीच ते दुकानदाराला दिले आणि मोजून परत घेतले.

समाजकार्याचे अभ्यासक बीस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं तोपर्यंत माझी पाठ होती. माणसाला आहे तसं स्वीकारा, त्याच्याबद्दल निवाडा करू नका, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. पाठ असूनही मी निवाडा केलाच होता, तोही एका वाक्यात, आणि कुणी रेघ मारली नसती तर तो तसाच फाईलमध्ये राहिला असता. डिग्री कशाला लागते, याचं माझं उत्तर ती पेन्सिलीची रेघ आहे.

आता खटकलेल्या गोष्टी. वाचायला जे मिळतं ते बहुतेक इंग्रजीत, आणि उदाहरणंही परदेशातली. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माझ्या मैत्रिणी पहिलं सेमिस्टर नुसता शब्दार्थ लावत बसल्या होत्या. रेकॉर्डिंग मराठीत लिहू देतात ही मोठी सोय. आजींचं बोलणं इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यातलं अर्धं उडून गेलं असतं. फिल्डवर्कचा प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून होतो, तो घरच्या हिशोबात आधीच धरा. सगळ्याच एजन्सी शिकवतात असंही नाही. वर्गातल्या एकीने एका संस्थेत पूर्ण सेमिस्टर एक्सेल भरण्यात आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडण्यात घालवलं. तिच्या सुपरवायझरने एकदाही तिथे भेट दिली नाही. याचा मला अजून राग येतो, कारण गेलेले सहा महिने तिला परत मिळणार नाहीत.

नोकरीचं थोडक्यात सांगते. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक, कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचं काम बघणारे, विभाग, स्वयंसेवी संस्था. सरकारी जागा कमी निघतात. संस्थांचे पगार प्रकल्पावर असतात, प्रकल्प संपला की नोकरीही जाते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची इमारत पाहू नका. सीनिअरला गाठा आणि विचारा, "आयसी दर आठवड्याला होते का? रेकॉर्डिंग खरंच वाचतात का?" यावर ती अडखळली तर दुसरं कॉलेज बघा.

आजींच्या प्रकरणात मुलाच्या वडिलांचं नाव दाखल्यावर एक आणि शाळेत वेगळं निघालं. ते दुरुस्त होईपर्यंत मार्च उजाडला आणि माझं तिथलं फिल्डवर्क संपलं. लोकांची कामं सेमिस्टर बघून संपत नाहीत, आणि या गोष्टीची तयारी कोर्स करून देत नाही. मी सगळं लिहून एजन्सीच्या ताईंकडे सोपवलं. जूनपासून तिथे आमची एक ज्युनिअर जाते. मंजुरी आल्याचा मेसेज तिनेच केला. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: कागद हातात घेऊ नकोस, आजींना सोबत घेऊन जा.