कादंबरीच्या प्रसारासाठी ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’: सीमाभागातील स्वप्रकाशित लेखकाचे परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात स्वखर्चाने कादंबरी छापणाऱ्या लेखकाची खरी परीक्षा छपाई संपल्यावर सुरू होते. पुस्तकांचे वितरक पुण्या-मुंबईकडे आणि वृत्तपत्रांच्या परीक्षणांची पानेही तिकडचीच; इथे त्याच्या हाती राहतात ती हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांतून भरणारी मराठी साहित्य संमेलने आणि तेथील पुस्तकांची टेबले. त्यातच टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्टाची सेवा बंद केल्यापासून एकेक प्रत दूरच्या वाचकाला पाठवणेही महाग झाले आहे. अशा वेळी कादंबरीतील काही प्रकरणे स्वतःच्या आवाजात वाचून पॉडकास्टच्या, म्हणजे इंटरनेटवर भागाभागाने ऐकवल्या जाणाऱ्या कार्यक्रमाच्या, रूपाने लोकांपर्यंत नेण्याचा मार्ग अनेकांना सुचतो, आणि त्यासाठी बहुतेकांची पहिली गाठ पडते ती स्पॉटिफाय या गाणी व पॉडकास्ट ऐकण्याच्या ॲपच्या ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ या मोफत सेवेशी. माझ्या कादंबरीसाठी मी ती वापरली आणि अजूनही वापरतो, म्हणून हे परीक्षण.

ही सेवा मूळची ‘अँकर’ या नावाची. स्पॉटिफायने २०१९ मध्ये ती विकत घेतली, २०२३ मध्ये तिचे ‘स्पॉटिफाय फॉर पॉडकास्टर्स’ असे नामांतर केले आणि २०२४ मध्ये आजचे नाव दिले. (गावांच्या नामांतराचे आपल्याला अप्रूप नाही, पण जुन्या नावाने शोधणारा लेखक अजूनही गोंधळतो.) तिचे काम साधे आहे. आपण ध्वनिफीत, शीर्षक, वर्णन आणि मुखपृष्ठ चढवतो. ती साठवली जाते आणि तिच्यासाठी एक आरएसएस फीड तयार करता येते, म्हणजे भागांची अशी यादी जी वेगवेगळी ॲप्स ठरावीक वेळाने तपासतात व नवा भाग दिसताच श्रोत्यापुढे ठेवतात. साठवणुकीला शुल्क नाही आणि भागांच्या संख्येवर मर्यादा नाही. ज्याने छपाईसाठी पदरमोड केली आहे त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. पूर्वी याच सेवेत ध्वनिमुद्रण आणि संपादनाची अंगभूत साधने होती, ती २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे आता ध्वनिमुद्रण मोबाइलवर किंवा संगणकावर करून तयार फाइलच चढवणे सोयीचे पडते. साधा कॉलर माइक आणि गाद्या-गोधड्यांनी भरलेली खोली पुरेशी होते, मात्र कौलारू घरात राहणाऱ्याने हे काम मृगाच्या आधी उरकावे, कारण खानापूरकडचा पाऊस कौलांवर पडू लागला की कोणताही माइक हार मानतो.

या माध्यमाचा जो लाभ मला सर्वांत मोठा वाटतो तो प्रसिद्धीचा नाही. आमच्या भागातील मराठीला कानडीच्या सहवासाने आलेला हेल, वाक्याच्या शेवटी लांबणारा स्वर, ‘काय करायलास की’ म्हणताना त्यात येणारी आपुलकी किंवा खोच, हे सारे छापील संवादात अर्धेच उतरते. पुण्याचा वाचक ते आपल्या चालीने वाचतो आणि पात्र विनोदी ठरवून मोकळा होतो. तोच संवाद लेखकाने स्वतः वाचला की पात्राचे वय, त्याचा राग आणि त्याचे घरही ऐकू येते. शहापुरातला विणकर आणि जांबोटीकडचा शेतकरी एकाच मराठीत बोलत नाहीत, हे माझ्या काही श्रोत्यांना कागदावर जाणवले नव्हते, कानांनी जाणवले. व्यावसायिक वाचकाच्या घोटीव आवाजात हा गुण हरवण्याचाच धोका अधिक. म्हणून उच्चार ‘शुद्ध’ करण्याच्या मोहात न पडता लेखकाने स्वतःच वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद गावच्या बोलीत, हा फरक आवाजात आपोआप उमटतो.

प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र अपेक्षा आवरत्या घ्याव्या लागतात. ही सेवा उत्तम गोदाम आहे, पण दवंडी तुमची तुम्हालाच पिटावी लागते. नवख्या लेखकाचा मराठी कथाकथनाचा कार्यक्रम कोणी आपण होऊन शोधत येत नाही. माझे श्रोते आले ते नातेवाइकांच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटांतून. तिथे आणखी एक अडसर उभा राहतो. दुव्यावर बोट ठेवल्यावर ॲप घ्या, खाते उघडा असे सुचवले जाते आणि पुस्तकांचा खरा गिऱ्हाईक असलेला साठीपुढचा वाचक तिथूनच परत फिरतो. त्याच्यासाठी तेच भाग यूट्यूबवर ठेवावेत, कारण ते त्याच्या फोनमध्ये आधीच असते. याउलट ज्यांच्याकडे स्पॉटिफाय आहे त्यांना एक सोय फारशी ठाऊक नसते: गाणी उतरवून घेण्यासाठी सशुल्क खाते लागते, पॉडकास्ट मात्र मोफत खात्यावरही उतरवता येतो. कणकुंबीसारख्या जेमतेम रेंजच्या भागात ही सोय लाखमोलाची आहे. संमेलनातील टेबलावर पुस्तकात घालण्याच्या खुणेच्या पट्टीवर क्यूआर कोड छापून ठेवावा. पुस्तक न घेणाऱ्याच्याही हाती ती पट्टी जाते.

सेवेत मिळणारी आकडेवारी कथालेखकासाठी उपयुक्त आणि थोडी निर्दय आहे. प्रत्येक भाग श्रोत्यांनी कुठवर ऐकला याची रेषा दिसते, आणि निसर्गवर्णन लांबले की ती कशी खाली येते हे पाहून पुढच्या लेखनाला शिस्त लागते. ही रेषा केवळ स्पॉटिफायवरील श्रोत्यांची असते, अन्य ॲपवरून ऐकणाऱ्यांचा असा तपशील मिळत नाही, याचे भान ठेवूनच निष्कर्ष काढावेत. पार्श्वसंगीताबद्दल एवढेच, की चित्रपटगीतांचे तुकडे लावू नयेत. स्वामित्वहक्काच्या तक्रारीवरून भाग काढला जाऊ शकतो.

पॉडकास्टवर किती वाचावे, हा प्रश्न विक्रीशी जोडलेला आहे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर मराठी पुस्तके २०१६ पासून आहेत, परंतु भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर लेखकांनी स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या तिच्या सेवेतील ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत नाव नोंदवावे लागते, अन्यथा ३५ टक्क्यांवर समाधान मानावे लागते. ही नोंदणी ९० दिवसांची असते आणि त्या काळात तोच मजकूर ई-स्वरूपात दुसरीकडे ठेवता येत नाही. नमुन्यादाखल १० टक्क्यांपर्यंत भागाची मुभा असते. २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपी या ऑनलाइन कथा-कादंबऱ्यांच्या व्यासपीठावर ज्यांनी आपली कादंबरी क्रमशः टाकली आहे, त्यांनी हा नियम आधी वाचावा. पॉडकास्टसाठीही मी पहिली दोन-तीन प्रकरणेच योग्य मानतो, आणि तीही अशा ठिकाणी थांबवलेली की ऐकणाऱ्याला पुढचे पान हवेसे वाटेल. भागाच्या वर्णनात पुस्तक कुठे मिळेल हे पहिल्याच ओळीत लिहावे, कारण खालच्या ओळी फोनच्या पडद्यावर दुमडलेल्या असतात.

पुढेमागे दुसरी सेवा घ्यावीशी वाटली तर फीड नव्या पत्त्याकडे वळवता येते, त्यामुळे जुने श्रोते तुटत नाहीत. हे वळवण्यापूर्वी सर्व मूळ ध्वनिफिती स्वतःच्या संगणकावर जपून ठेवलेल्या असाव्यात, आणि जुने खाते लगेच बंद न करता सर्व ॲपवर नवा पत्ता पोहोचेपर्यंत चालू ठेवावे.