लसीच्या पायरोजेन चाचणीसाठी मॅट किट: जळगावच्या उन्हात कसं चालतं?

लसीत ताप आणणारी अशुद्धी, म्हणजे पायरोजेन, आहे का हे बघायला सशाच्या कानाच्या शिरेत लस टोचून तीन तास त्याचं तापमान मोजतात. मोनोसाइट अ‍ॅक्टिव्हेशन टेस्टचं, म्हणजे मॅटचं, किट तेच काम माणसाच्या रक्तातल्या पेशींवर करतं: पायरोजेन भेटला की मोनोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि ते एलायझा या रंगाच्या चाचणीने मोजता येतं. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथात, ही पद्धत २०१० पासून आहे. एलएएल, म्हणजे नालखेकड्याच्या रक्तावर चालणारी चाचणी, फक्त एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं विष, पकडते, मॅटला ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंचे घटकही सापडतात. जळगाव-धुळ्याच्या लॅबने हे किट जरूर घ्यावं, पण आधी किटमधल्या पेशी गोठवून ठेवायला द्रव नत्राची सोय करून.

गोठवलेल्या पेशी कोरड्या बर्फात येतात. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना खोकं कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं की बर्फ उडून जातो. खोकं उघडताच बर्फ बघा. नसेल तर माल परत करा, चालवून बघू नका. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नत्र आपल्याकडे तालुक्यापर्यंत येतं, त्याच पुरवठादाराला विचारा. लॉट किमान चार दात्यांच्या पेशी एकत्र केलेला मागा.

कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरा आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढा बर्फ उरला की लगेच काढा. गोठवताना पेशी वाचवायला घातलेलं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर पेशींना बाधतं, म्हणून कोमट माध्यम थेंबाथेंबाने घालून ते पातळ करायचं. ट्रिपान ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना चढणाऱ्या निळ्या रंगाने, जिवंत पेशी मोजून घ्या. प्लेटच्या दर खळग्यात साधारण एक लाख पेशी, प्रत्येक नमुन्याचे चार खळगे, मग ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये रात्रभर. इन्क्युबेटरला इन्व्हर्टर हवाच. रात्री दोन तास वीज गेली तर ती प्लेट बाद धरा.

खरी परीक्षा अ‍ॅल्युमिनियमवाल्या लसींची. ट्रिपलसारखी (डीपीटी) लस स्थिर ठेवली की पांढरा गाळ तळाशी बसतो, म्हणून दर वेळी हलवूनच पिपेटमध्ये घ्या. हा गाळ एंडोटॉक्सिन धरून ठेवतो आणि निकाल खोटा कमी येतो. अनेक डोसांच्या कुपीतलं थायोमर्सल हे परिरक्षक पेशीच मारतं. मेलेली पेशी काही सोडत नाही आणि लस ‘पास’ दिसते. म्हणून नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून किती परत मिळतं ते तपासा. ५० ते २०० टक्क्यांत बसलं तरच निकाल धरा, नाहीतर लस आणखी पातळ करा, अर्थात कमाल विरलनाची, म्हणजे जास्तीत जास्त किती पातळ करता येतं त्याची, मर्यादा सांभाळून. तुलनेसाठीचं प्रमाणित एंडोटॉक्सिन नळीच्या भिंतीला चिकटतं, तेव्हा दर पायरीला व्होर्टेक्स करायला, म्हणजे यंत्रावर जोरात ढवळायला, आळस नको. टिपा आणि प्लेट पायरोजेनमुक्तच हव्यात. नुसत्या निर्जंतुक चालत नाहीत, कारण ऑटोक्लेव्हने एंडोटॉक्सिन जात नाही.

काही मेंदूज्वर-बी लसींत जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याचे कण असतात आणि त्या मुळातच पेशींना चेतवतात. तिथे ‘पास-नापास’ न बघता आधीच्या प्रमाणित लॉटशी तुलना करायची. किट घेताना अशा तुलनेची कार्यपद्धती सोबत मिळते का, ते विचारून घ्या.