साधं पाणी की उलटे मायसेल?

वाशीच्या आमच्या लॅबमध्ये एमएससीची मुलं दरवर्षी विचारतात: प्रकाशाने इलेक्ट्रॉन हलवायचा, तर कुठे?

साध्या पाण्यात मांडणी सोपी. रुथेनियम या धातूच्या संयुगाचं केशरी द्रावण (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन देणारं), त्यात व्हायोलोजेन (तो इलेक्ट्रॉन घेणारं संयुग), वर निळा प्रकाश. पण गेलेला इलेक्ट्रॉन लगेच माघारी फिरतो.

उलटे मायसेल म्हणजे तेलात साबणासारख्या रेणूंनी वेढलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांना खटाटोप जास्त, तरी मी तेच सुचवते. एओटी हा मेणासारखा चिकट, साबणासारखा पदार्थ हेप्टेन या तेलासारख्या द्रवात विरघळवा, रुथेनियम आणि व्हायोलोजेन असलेल्या पाण्याचा थेंब टाकून हलवा. आधी गढूळ, मग एकदम नितळ! आत काही नॅनोमीटरचे जलबिंदू तयार झालेले असतात. बेन्झिल व्हायोलोजेनला (व्हायोलोजेनचाच एक प्रकार) इलेक्ट्रॉन मिळाला की ते पाणी सोडून तेलाकडे सरकतं आणि परतीची वाट अवघड होते. ऑक्सिजन मात्र नायट्रोजनचे बुडबुडे सोडून आधी घालवा, नाहीतर इलेक्ट्रॉन मिळालेल्या व्हायोलोजेनला आलेला रंग उडतो.