स्टँडवरचा रेकॉर्डर की मिक्सरची लाइन?
छोट्या खोलीतली तालीम मिक्सरच्या लाइनवरून, म्हणजे मिक्सरच्या आउटपुटची वायर थेट रेकॉर्डरला जोडून, रेकॉर्ड केली की गायकाचा शब्द न् शब्द कळतो, पण बँड हरवतो. मिक्सरमध्ये बहुधा गायक आणि कीबोर्डच असतात. ड्रम्स, गिटारचा अँप खोलीतच वाजतात.

म्हणून मी रेकॉर्डरचे स्वतःचे माइक निवडतो. फक्त तो टेबलावर ठेवू नका, टेबलाची थरथर आत उतरते. कानाच्या उंचीवर स्टँड लावा, ड्रम्सपासून लांब. कोपरा टाळा, तिथे बास फुगतो. सर्वांत जोरकस गाणं वाजवून पातळी ठरवा, आवाजाची शिखरं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास. ऑटो लेव्हल (रेकॉर्डरने आपोआप पातळी कमी-जास्त करणं) बंदच हवं, नाहीतर हळुवार अंतराही ड्रम्सइतकाच मोठा होतो.

झूम एच5 सारख्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर स्वतःचे माइक आणि मिक्सरची लाइन, दोन्ही एकदम घेता येतं.